हाकेला ओ

आम्हा शाळामास्तरांच्या बोलण्यात एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘पोपटपंची’. मुलाने प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्याच शब्दांत दिले, की आम्ही नाक मुरडून म्हणतो, “ही पोपटपंची झाली. आता अर्थ सांग.” सभेतल्या वक्त्याने पाठ केलेले भाषण म्हणून दाखवले, की श्रोतेही घरी जाताना तेच म्हणतात. पोपट बिचारा कोणाच्या अध्यात ना मध्यात. परंतु अर्थ न कळता बोलणाऱ्यांचा तो आपल्या भाषेत कायमचा नमुना होऊन बसला आहे. मी तर मास्तरकीच्या जोडीला कादंबऱ्याही लिहितो. कागदावरच्या माणसांच्या तोंडी माझे शब्द घालतो आणि ती माणसे स्वतःच बोलत आहेत असे वाचकांना भासवतो. तेव्हा पोपटाची बाजू मांडण्याचा अधिकार कोणाला असेलच, तर तो माझ्यासारख्यालाच असावा!

पण मला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे, तो पोपटाला अर्थ कळतो की नाही, हा नव्हे. तो प्रश्न पुष्कळ थोरामोठ्यांनी चघळला आहे. माझा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे. एखाद्या जिवाला आपण आपले शब्द शिकवले, आणि त्या शब्दांनी तो आपल्याला हाक मारू लागला, तर त्या हाकेचे आपण काय लागतो? हा प्रश्न मला पुस्तकातून मिळाला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुस्तके आली ती मागाहून, गावच्या वाचनालयातून. प्रश्न मिळाला तो मामांच्या मचव्यावर.

माझ्या मामांचा शिडाचा मचवा विजयदुर्गच्या खाडीत चालत असे. हा काळ १९९० च्या आसपासचा. मोठी गलबते आणि पडाव तोवर बहुतेक संपले होते, होड्यांना यंत्रे बसू लागली होती, आणि खारेपाटणला महामार्गावरून मालट्रका धावत होत्या. तरीही खाडीच्या दोन्ही काठांवर अशा वाड्या होत्या, की जिथे चिरे, कौले, वाळू किंवा लाकूडफाटा न्यायचा तर पाण्यावाचून वाट नव्हती. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतरचा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे, हे मी आज मुलांना भूगोलाच्या तासाला फळ्यावर बाण काढून शिकवतो; मी स्वतः ते शिकलो मामांच्या शिडाकडे पाहून. दुपारी खारा वारा आणि भरती एकदम गाठली, की मचवा खाडीत वर चढायचा; पहाटे ओहोटी आणि मतलई गाठून खाली उतरायचा. गाठ चुकली, की नांगर टाकून बसायचे.

मचव्यावर तिघेजण असत: मामा, त्यांचा जुना खलाशी, आणि राघू. राघू म्हणजे आपला नेहमीचा हिरवा पोपट. बाकदार लाल चोच, लांब शेपूट, गळ्याभोवती काळ्या-गुलाबी रंगाची कंठी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्या कायद्याने रानातला देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा आज गुन्हा आहे. त्या वेळीही होता. पण कायदा होऊन पंधरा-अठरा वर्षे लोटली, तरी तो आमच्या खाडीत पोचला नव्हता. कोणा पोराने वाळक्या माडाच्या ढोलीतून पंख न फुटलेले पिल्लू काढून आणले आणि मामीच्या पदरात टाकले. मामीला मूलबाळ नव्हते. भिजवलेली डाळ बोटाने भरवून तिने ते वाढवले.

मामीने त्याला ‘विठू विठू’ शिकवले, तसे सगळेच शिकवतात. पण तिने आणखी एक शब्द शिकवला. मामा चार-चार दिवस खाडीत असत. परत येत तेव्हा मामी मागीलदारी किंवा विहिरीवर असायची. घरी आलेल्या माणसाला ओटीवर कोणी विचारले नाही, तर त्याला बरे वाटत नाही, असे तिचे म्हणणे. म्हणून तिने राघूला शिकवले, “इलात?” आमच्याकडच्या बोलीत ‘आलात?’ ते असे. मामा अंगणात पाऊल टाकत आणि पिंजऱ्यातून प्रश्न येई, “इलात?” मामा चपला काढता काढता म्हणत, “होय गो, इलंय.” उत्तर पोपटाला असे की विहिरीवरच्या माणसाला, हे दोघांपैकी कोणी कधी ठरवले नाही.

मामी एका पावसाळ्यात तापाने गेली. घर बंद झाले. नारळी पौर्णिमा झाली, मचवा शाकारणीतून काढून पाण्यात लोटला, आणि मामा राघूला घेऊन मचव्यावर आले. त्याला ठेवणार कोणाकडे?

पाण्यावर पोपट ठेवणे ही ऐकायला गंमतीची आणि करायला त्रासाची गोष्ट आहे. सुकाण्याजवळ आंब्याची एक वाकडी फांदी बांधली होती, तीवर तो दिवसभर असे, रात्री पिंजऱ्यात. करवंटीत गोडे पाणी लागे, आणि मचव्यावर गोड्या पाण्याला किंमत असते. मिरची, पेरू, भाताच्या लोंब्या, ओली डाळ ही त्याची शिधासामग्री आमच्या आधी भरावी लागे. त्याला लाकूड आणि दोर कुरतडण्याची खोड. एकदा त्याने शिडाचा काथ्याचा दोर अर्ध्यावर आणला होता, आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला तो तटकन तुटला, तेव्हा खलाशीकाकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिडाला लागणारे त्याचे हिरवे-पांढरे शिक्के तर विचारूच नयेत. मचव्याने बाजू बदलली, की तो फांदीवर दोन पावले सरकून तोल साधी. वारा जास्त झाला, की फांदीला उलटा लोंबकळून डोळे मिटून घेई.

पाण्यावर तो नवे बरेच काही शिकला. कप्पीची करकर, पाणी उपसण्याचा आवाज, खलाशीकाकांचा पहाटेचा खोकला हे सारे तो इतके हुबेहूब काढी, की काका स्वतःच दचकत. आणि तो ‘वारो इलो!’ म्हणायला शिकला. पडलेला वारा पुन्हा सुटला, की काका ते मोठ्याने ओरडत आणि मचव्यावर एकच धांदल उडे. पुढे पुढे राघू ते भलत्याच वेळी म्हणू लागला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबते आहे, पाण्यावर सुरकुती नाही, आम्ही घामाने निथळतो आहोत, आणि हे महाशय शांतपणे जाहीर करत, “वारो इलो!” आम्ही माना वर करून पाहत असू.

काका म्हणत, पोपट खोटे बोलतो. मामांचे मत निराळे होते. ते म्हणत, हे शब्द उच्चारले की माणसे हलतात, दोर ओढले जातात, सगळे एकमेकांशी बोलू लागतात, एवढे त्याने पाहिले आहे. त्याला वारा नको. वाऱ्याबरोबरची गडबड हवी. गप्प बसलेल्या माणसांत त्याला करमत नाही. मला आजही हे स्पष्टीकरण कित्येक विद्वानांच्या स्पष्टीकरणापेक्षा सरस वाटते.

विद्वानांचे मत पुष्कळ काळ काकांच्याच बाजूचे होते. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६३७ सालच्या आपल्या ग्रंथात पोपटाचे उदाहरण घेऊन सांगितले, की हे पक्षी शब्द उच्चारतात, पण जे उच्चारतात ते त्यांच्या मनात आहे असे दाखवू शकत नाहीत. म्हणून ते बोलणे नव्हे. आपल्याकडे मंडनमिश्रांच्या दारातले पोपट वेदप्रामाण्यावर वाद घालत, अशी आख्यायिका आहे. पण तीतही मोठेपणा मंडनमिश्रांचाच, पोपटांचा नाही. गणिकेच्या कथेत तर रामनाम घेणारा रावा बाजूलाच राहतो आणि त्याला शिकवता शिकवता गणिका तरून जाते. शिकवणाऱ्याचे काय झाले, हे आपण सांगतो. शिकणाऱ्याचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

अलीकडे मात्र चित्र बदलले आहे. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ साली आफ्रिकेतल्या करड्या जातीचा एक पोपट दुकानातून विकत घेतला आणि तीस वर्षे त्याला शिकवले. त्याचे नाव अ‍ॅलेक्स. त्याला शंभरावर शब्द येत; वस्तूंची नावे, रंग, आकार आणि लहान आकडे तो ओळखून सांगे. दोन वस्तूंत फरक काय, असे विचारल्यावर फरक नसेल तर ‘काही नाही’ असे उत्तर देई. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. आदल्या रात्री बाई घरी निघाल्या तेव्हा रोजच्याप्रमाणे त्याने निरोपाचे शब्द म्हटले: नीट राहा, उद्या भेटू, माझे तुमच्यावर प्रेम आहे. सकाळी तो पिंजऱ्यात मेलेला आढळला.

ही हकीकत वाचणाऱ्याच्या पोटात कालवते. कालवणारच. पण लगेच मनातला देकार्त विचारतो: त्या शब्दांतले ‘प्रेम’ अ‍ॅलेक्सला ठाऊक होते का? वस्तूंचे रंग ठाऊक होते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. प्रेम कोणत्या प्रयोगाने सिद्ध करणार? माझ्या मते इथेच आपण वाट चुकतो. पण ते पुढे.

त्याआधी एक गोष्ट पाहू. माणूस पोपटाला शिकवतो तरी काय? डॅनियल डीफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी १७१९ सालची. तिचे मराठी अवतार आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी वाचले असतील. निर्जन बेटावर अडकलेला हा खलाशी एक पोपट धरतो आणि त्याला स्वतःचेच नाव शिकवतो. पुढे एकदा तो आपली लहानशी नाव घेऊन बेटाला वळसा घालायला निघतो, प्रवाहात सापडून वाहून जायचा तो कसाबसा वाचतो, आणि थकून झोपी जातो. झोपेत त्याला कोणीतरी नावाने हाक मारते. बेटावर तर दुसरे माणूस नाही! दचकून उठतो तो कुंपणावर बसलेला त्याचाच पोपट. त्या गरिबाने पोपटाला आपले नाव का शिकवले असेल? नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही, की माणूस अर्धा नाहीसा होतो, म्हणून. आपण पोपटाला शिकवतो ते आपल्याला ऐकावेसे वाटणारे शब्द. मामीने मामांसाठी शिकवला तो शब्द तिला मामांनी ऐकावा असे वाटत होते. आजोबा ‘विठ्ठल’ शिकवतात, कारण सकाळी पहिले ते नाव कानी पडावे. शिकवणाऱ्याची गरज अशी सरळ सरळ दिसते.

शिकणाऱ्याची गरज काय? अन्न, म्हणाल. पण अन्नासाठी कुत्रा, मांजर, गाय कोणीच आपली भाषा शिकत बसत नाहीत. पोपट शिकतो, कारण रानातही तो शिकतच असतो. पोपट थव्याचा पक्षी. थवा विखुरला, की ते एकमेकांना हाका मारतात: मी इथे आहे, तू कुठे आहेस? व्हेनेझुएलातल्या लहान हिरव्या पोपटांवरचे एक संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. एका घरट्यातली अंडी दुसऱ्या घरट्यात ठेवून संशोधकांनी पाहिले, तर पिलांच्या हाका जन्मदात्यांच्या हाकांसारख्या न होता वाढवणाऱ्यांच्या हाकांसारख्या झाल्या. आईबाप प्रत्येक पिल्लाला एक वेगळी हाक देतात, जवळजवळ नावच म्हणा ना, आणि पिल्लू ती थोडी बदलून आपलीशी करते. म्हणजे ज्याने वाढवले, त्याच्या बोलीत बोलणे ही पोपटाची जन्माची रीत आहे. थव्यात माणसेच असतील, तर तो माणसांची बोली उचलतो. राघूने ‘इलात?’ हा शब्द उचलला, तेव्हा त्याने मामा-मामींच्या घराला आपला थवा मानले होते. आपण त्याला गंमत म्हणून शब्द देतो आणि तो त्या शब्दाबरोबर नाते उचलतो.

मचव्यावर हे रोज संध्याकाळी दिसे. दिवस कलला, की भाताच्या शेतांकडून पोपटांचे थवे खाडी ओलांडून पलीकडच्या झाडांवर रात्रीच्या वस्तीला जात. त्यांचा तो कलकलाट म्हणजे माझ्या शाळेतली हजेरीच. सगळे एकदम ‘हजर’ म्हणत असलेली. राघू फांदीवर ताठ होई, मान तिरकी करून एका डोळ्याने वर पाही, आणि त्यांच्यासारखीच एक कर्कश किंकाळी मारी. थवा निघून जाई. मग काही वेळाने, आवाज पार उतरवून, तो मामांकडे वळून म्हणे, “इलात?” आणि मामा म्हणत, “होय गो, इलंय.” दोन थव्यांना त्याने दोन भाषांत हाक मारली होती. एकीला उत्तर आले.

खलाशीकाकांना हे बघवत नसे. ते म्हणत, “तांडेलानु, सोडून टाका त्येका.” मामा म्हणत, “खंय जातलो तो? कोण वळकतलो त्येका?” हा वाद त्यांच्यात कित्येकदा झाला, आणि मला वाटते, या विषयातला सारा नीतीचा प्रश्न त्या दोन वाक्यांत सामावला आहे. काकांची बाजू स्वच्छ होती: उडणाऱ्याला उडू द्यावे. मचवा म्हणजे दोन माणसांना कोंडणारी जागा असेलही, आणि तिघेही सारखेच अडकलेले, असे कोणी म्हणेलही. पण मामा खारेपाटणच्या धक्क्याला उतरून बाजारात जाऊ शकत. राघूच्या पंखांची टोके कापलेली होती. ज्याला उतरता येते आणि ज्याला येत नाही, त्यांचा तुरुंग एकच असे म्हणणे हा सोयीचा हिशेब झाला. मामा तसे कधी म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मामांची बाजू अवघड होती. हाताने भरवून वाढवलेल्या पोपटाला रानात खायचे कुठे मिळते, ससाणा कसा येतो, रात्री कुठे बसावे, हे कोणी शिकवलेले नसते. त्याला सोडणे म्हणजे मोकळे करणे की टाकून देणे?

त्याचे उत्तर एका दिवाळीत मिळाले. मी सुट्टीला मामांकडे गेलो होतो. राघूचे पंख कापण्याचे काम मामी करी. मामांनी कातरी हातात घेतलीच नाही, आणि पावसाळ्यात जुनी पिसे गळून नवी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मचवा एका वाडीखाली नांगरला होता. थवा आला, राघूने किंकाळी मारली, आणि या वेळी तो उडाला. आम्ही बघतच राहिलो. काका तर आनंदाने उभे राहिले. थोडे अंतर तो थव्यामागून गेला. पण कधी न वापरलेले पंख ते, थवा पुढे निघून गेला आणि राघू काठच्या कांदळांत उतरला. अंधार पडला. वाडीत पणत्या लागल्या, कुठे फटाके वाजू लागले. आणि कांदळांतून आवाज आला, “इलात?”

मामांनी कंदील घेतला, होडी सोडली, मी पुढे बसलो. पण अमावास्येच्या जवळचे दिवस. अशा दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी पाणी पार ओसरलेले असते. कांदळांच्या पुढे सगळा चिखल. होडी जाईना, पायी उतरले तर कमरेएवढे रुतायचे. भरतीची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळोखातून थोड्या थोड्या वेळाने गेलेल्या बाईच्या धाटणीतला तो प्रश्न येई, आणि मामा प्रत्येक वेळी उत्तर देत, “इलंय गो, इलंय.” एकदाही त्यांनी चुकवले नाही. दोन-अडीच तास हे चालले असेल. मला थंडी वाजत होती, थोडी भीतीही वाटत होती. मी विचारले, “मामा, त्येका काय कळता?”

मामा म्हणाले, “त्येका कळता की नाय, ता माका म्हायत नाय. माका तर कळता.”

पाणी चढले, होडी आत शिरली, राघू फांदीवरून चालत खाली आला आणि मामांच्या खांद्यावर बसला. त्याने कानाशी कप्पीची करकर करून दाखवली. काका मचव्यावर चहा करून वाट पाहत होते. त्यानंतर ‘सोडून टाका’ असे ते म्हणाल्याचे मला आठवत नाही. पंख मात्र पुन्हा कोणी कापले नाहीत.

मामांचे ते वाक्य मी पुष्कळ वर्षे मनात घोळवले आहे. देकार्तपासून आजपर्यंत सारा वाद चालतो तो बोलणाऱ्याच्या मनाचा: त्याला कळते का, कितपत कळते, कसे सिद्ध करायचे. मामांनी तो वाद बाजूला ठेवला. शब्दाचा अर्थ राघूच्या डोक्यात असो वा नसो, मामांच्या डोक्यात तो पुरेपूर होता. आणि ज्याला हाकेचा अर्थ कळतो, त्याच्यावर उत्तराची जबाबदारी येते. तान्हे मूल रडते, तेव्हा त्याला ‘भूक’ हा शब्द ठाऊक नसतो. आईला ठाऊक असतो, तेवढे पुरते. वातात बरळणारा म्हातारा भलत्याच नावाने मुलाला हाक मारतो, आणि शहाणा मुलगा ‘मी तो नव्हे’ असे न म्हणता जवळ जाऊन बसतो. कळण्याची परीक्षा हाक मारणाऱ्याची घ्यायची नसते.

यावर कोणी म्हणेल, मामा मुळी पोपटाला उत्तर देतच नव्हते. ते गेलेल्या बायकोला, किंवा स्वतःलाच उत्तर देत होते. असेल. मीही ते नाकारत नाही. पण म्हणून पोपटाला मिळाले ते काही कमी ठरत नाही. थव्यातला पक्षी हाक मारतो ती उत्तरासाठी, आणि ते उत्तर त्याला येत होते. माणसांच्या संसारात तरी दुसरे काय असते? उत्तर देणारा कोणत्या आठवणीने देतो, हे विचारत बसलो, तर एकाही घरात संभाषण पुरे होणार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. हे नातेच मुळात अन्यायातून जन्मलेले. ढोलीतून पिल्लू काढले, तेव्हा त्याचे आईबाप भोवती घिरट्या घालून ओरडत असणार. त्या हाकेला कोण ओ देणार होते? हे खरे आहे, आणि म्हणून १९७२ चा कायदा योग्य आहे, असे मी मुलांना वर्गात सांगतो. अ‍ॅलेक्सच्या जातीचे करडे पोपट पकडून विकण्याचा धंदा आफ्रिकेत इतका माजला, की २०१६ साली आंतरराष्ट्रीय कराराने रानातून धरलेल्या त्या पक्ष्यांचा व्यापार बंद करावा लागला. पोपट बोलतो, हाच त्याचा घात झाला आहे. पण अन्यायाने जुळलेले नाते म्हणून ते झटकून टाकता येते का? मला वाटते, उलटच आहे. ढोलीकडे हात जायला नको होता, हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की हात गेल्यावर त्या जिवाला जगात दुसरा थवा उरला नाही. चुकीची सुरुवात हे जबाबदारी सोडण्याचे कारण होत नाही. ते जबाबदारी वाढवण्याचे कारण आहे. मामांच्या वागण्याने पोपट पाळणे समर्थनीय ठरते, असा अर्थ कोणी कृपा करून काढू नये. पुन्हा कोणी असे ऋण काढू नये, आणि काढलेले बुडवू नये, या दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

आणि हे ऋण लांब पल्ल्याचे असते. चांगला सांभाळला तर आपला पोपट वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो, करडा पोपट त्याच्या दुप्पट. माणसे आधी जातात, शब्द मागे राहतात. जर्मन संशोधक हम्बोल्ट १८०० साली दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीवर नावेतून हिंडत होता. त्याच्या नावेवर माकडांचे आणि पक्ष्यांचे पिंजरे होते, पोपटही होते. दाटी इतकी, की माणसांना पाय पसरायला जागा नसे. मैपुरे या गावी लोकांनी त्याला एक म्हातारा पोपट दाखवला आणि सांगितले, की हा काय बोलतो ते कोणाला कळत नाही, कारण तो आतुरे नावाच्या जमातीची भाषा बोलतो, आणि ती जमात आता नामशेष झाली आहे. हम्बोल्टने ही ऐकीव हकीकत लिहून ठेवली. ती वाचताना माझ्या मनात येते: त्या शब्दांत एखादे ‘इलात?’ असेल. कोणीतरी, कोणासाठी तरी, शिकवलेले. पोपट ते विचारीत राहिला, आणि पृथ्वीवर ‘होय’ म्हणणारे कोणी नव्हते.

मामांचा मचवा पुढे विकला गेला. वाड्यांना रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, शिडाला कोणी माल देईना. मामा राघूला घेऊन घरी आले आणि काही वर्षांनी वारले. राघू मागे राहिला. त्याला घेऊन गेले खलाशीकाका, जे आयुष्यभर त्याला सोडून द्या म्हणत आले होते. मी एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेरच्या पडवीत पिंजरा होता, दार उघडेच. काका शेतावरून आले, पायांवर पाणी घेतले, आणि पिंजऱ्यातून प्रश्न आला. ते खोकत खोकत, त्रासिक आवाजात म्हणाले, “इलंय गो बाये, इलंय.” मामींशी ते जन्मात असे बोलले नसतील. माझ्याकडे पाहून ते किंचित ओशाळले आणि म्हणाले, कोणीतरी म्हणायला हवे ना.

मला ते ‘कोणीतरी’ फार महत्त्वाचे वाटते. आपण सगळेच कोणाला ना कोणाला शब्द शिकवत असतो. आईबाप मुलांना, मास्तर विद्यार्थ्यांना. आणि पुढे मुले आईबापांना, नव्या यंत्रांचे आणि नव्या काळाचे शब्द. मुलाला ‘सांग, मला सगळे सांग’ असे शिकवावे, आणि ते सांगायला आले की ‘आता वेळ नाही’ म्हणावे, हे आपल्या घराघरांत चालते. वर्गात मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो. तासाच्या शेवटी एखादा बुजरा हात वर येतो, घंटा झालेली असते, आणि वहीतला प्रश्न वहीतच घरी जातो. अशा वेळी मला पोपटपंचीचा दोष मुलांना द्यावासा वाटत नाही. मुले शिकवलेले शब्द म्हणतात, कारण त्या शब्दांना कधीतरी उत्तर येईल, असा त्यांना भरवसा असतो.

या दिवाळीत आपल्यापैकी कित्येकांच्या ओटीवर कोणीतरी उंबऱ्याशी येऊन विचारील, आलात का? विचारणारी म्हातारी असेल, तेच वाक्य ती चाळीस वर्षे विचारत आली असेल, आणि सामान आत घेता घेता उत्तर द्यायचे राहून जाण्याचा संभव असेल. सामान दोन मिनिटे खाली ठेवावे, आणि आलो म्हणून सांगावे.